शेवटच्या बाकावरचे कासमभाई

पाटील सरांच्या मिशा कासमभाईंमुळे गेल्या.

चांगल्या भरघोस, वरचा ओठ पार झाकून टाकणाऱ्या मिशा होत्या. सर बदली होऊन आमच्या शाळेत आले, त्या पहिल्याच शनिवारी कासमभाई पाचवीच्या वर्गात शिरले, शेवटच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले आणि अर्धा तास सरांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिले. तास संपल्यावर भर वर्गात म्हणाले, "सर, शिकवता झकास. पण मिश्या कापा. आवाज अडकतो."

सर तणतणत माझ्याकडे आले. मी मुख्याध्यापिका. मिशा हा शिक्षकाचा खासगी मामला आहे, महापालिकेच्या कुठल्याही परिपत्रकात त्यांचा उल्लेख नाही, असं मी कासमभाईंना ठणकावून सांगितलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, निदान पाहिलं, आणि पुढच्या शनिवारी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. पाचव्या शनिवारी सरांनी हात टेकले. दुसऱ्या दिवशी मला सरांच्या बायकोचा फोन आला. तिला कासमभाईंचे आभार मानायचे होते. लग्नानंतर इतक्या वर्षांत तिला जे जमलं नव्हतं, ते या माणसाने महिन्याभरात करून दाखवलं होतं.

कासमभाई म्हणजे आमच्या भागातल्या शिक्षण प्रतिष्ठानाचे अध्यक्ष. प्रतिष्ठानाचं नोंदणीचं नाव इतकं लांबलचक आहे की ते फक्त रबरी शिक्क्यावर सलग वाचायला मिळतं. बाकी सगळं भिवंडी त्याला 'कासमभाईंची कमिटी' म्हणतं. आसपासच्या सरकारी शाळांना जे वेळेवर मिळत नाही ते मिळवून देणं, हे कमिटीचं काम. कुठे पंखे, कुठे बाकं, कुठे पाण्याची टाकी, कुठे शब्दकोश. सगळी माणसं स्वखुशीने राबणारी, आणि त्यातली बहुतेक आयुष्यभर पॉवरलूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काढलेली.

आता लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या कानांचं काय होतं, ते सांगायला आमच्या गावात डॉक्टर लागत नाही. लूम चालू असताना चार फुटांवरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. मग माणसं एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात आणि उरलेलं हातांनी बोलतात. दोन बोटं कात्रीसारखी चालवली की धागा तुटला. तळहात आडवा फिरवला की बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, संपला. हाताची वाटी तोंडाशी नेली की चहा आला. कासमभाई चौथीतून शाळा सोडून लूमवर गेले ते पुढे स्वतःच्या लूमचे मालक होईपर्यंत याच भाषेत बोलले. आता धंदा मुलगे बघतात. कासमभाई घरी आले, कान मात्र लूमवरच राहिले.

पण हे त्यांच्यासमोर बोलायची सोय नाही. "माझे कान एकदम फर्स्ट क्लास हायत," ते गरजतात. "लोकच हल्ली हळू बोलतात. जेवत न्हाईत नीट."

कमिटीची बैठक आमच्या शाळेत, शनिवारी शाळा सुटल्यावर. सहा-सात सभासद, सगळे एकाच रोगाचे. त्यांचं साधं बोलणं आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जातं. गुप्त ठराव वगैरे प्रकार कमिटीत संभवत नाही. एकदा आदर्श शिक्षिका निवडायची होती. नाव समारंभापर्यंत बाहेर फुटायचं नाही, असं कासमभाईंनी दारं-खिडक्या लावून सगळ्यांकडून वदवून घेतलं. शेलार गावचे भोईरकाका, म्हणजे कमिटीचे चिटणीस आणि कासमभाईंचे चाळीस वर्षांचे दोस्त, मध्येच ओरडले, "ए कासम, जरा हलू बोल ना! भायेर समदा ऐकू जातंय!" हे वाक्य रिक्षास्टँडवर स्पष्ट ऐकू गेलं. बैठक संपवून आम्ही बाहेर आलो तेव्हा निवड झालेल्या बाई जिन्यात पेढ्यांचा पुडा घेऊन उभ्या होत्या.

तर अशा या माणसाने स्वतःकडे काम घेतलं होतं वर्गातल्या आवाजाच्या तपासणीचं. दर शनिवारी एक वर्ग. शेवटचं बाक. तास संपला की निकाल, आणि निकालाचे शब्द दोनच, "पोचतंय" किंवा "न्हाय पोचत".

ज्याला स्वतःला दाराची बेल ऐकू येत नाही, तो माणूस शिक्षिकांचा आवाज पोचतो की नाही याचं प्रमाणपत्र देत फिरतो, यावर आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसायचो. शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागला की मागून आरोळी यायची, "तोंड हिकडं!" मास्कचे दिवस संपून शाळा सुरू झाल्या तेव्हा एक बाई अजून मास्क लावून शिकवत होत्या. कासमभाई वर्गातून ताडकन उठून माझ्या ऑफिसात आले. "बाई, त्या मॅडम काही शिकवतच न्हाईत. नुसत्या हात हलवतात."

हसायचो खरं, पण त्यांच्या धाकाने माझे शिक्षक मुलांकडे बघून, सावकाश, शब्द न गिळता बोलू लागले होते. आठ-आठ दिवसांच्या प्रशिक्षणांना जे साधलं नव्हतं ते त्या एका बाकाने साधलं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आधीच शेफारलेला माणूस, आणखी कशाला चढवा?

लावण्या त्यांना याच बाकावर भेटली.

लावण्या पाचवीत नवीन आलेली. आईवडील तेलुगू, वडील लूमवर कामाला. आमच्या गावात चार भाषांच्या सरकारी शाळा आहेत, आणि ही पोरगी त्यातल्या तिसऱ्या शाळेत पोचली होती. तेलुगू शाळेतल्या बाई म्हणाल्या, ही वर्गात तोंड उघडत नाही, चाळीत हिंदी बोलणारे जास्त, तिला हिंदी शाळेत घाला. हिंदी शाळेतल्या बाई म्हणाल्या, तेलुगू पोरगी आहे, हिला हिंदी समजत नाही, घराजवळ मराठी शाळा आहे तिथे घाला, निदान चालणं तरी वाचेल. मग ती आमच्याकडे आली. आम्ही काय म्हणालो असू ते तुम्ही ओळखलंच असेल. 'मराठी भाषेचा सराव आवश्यक', हा तिच्या प्रगतिपुस्तकातला शेरा, आणि खाली सही माझी. इतक्या भाषांच्या गावात मूल बोललं नाही तर दोष भाषेचाच असणार, याबद्दल आम्हाला कुणालाच शंका आली नाही.

तिची आई दोनदा येऊन गेली होती. "मॅडम, तीन स्कूल हो गया. कुछ नहीं आता इसको. दाखला दे दो, घर में छोटे को संभालेगी." मी तिला कायदा सांगितला, शिक्षणाचं महत्त्व सांगितलं, जे जे मुख्याध्यापिकेने सांगायचं असतं ते सगळं सांगितलं. तिने मान डोलावली. ती पुन्हा येणार हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

त्या शनिवारी कासमभाई पाटील सरांच्या बिनमिशांच्या तासाला बसले होते. अर्ध्या तासाने ऑफिसचं दार भिंतीवर आपटलं.

"बाई, ती मागची पोरगी लूमवाली हाय!"

"लहान आहे हो ती. वडील आहेत लूमवर."

"तसं न्हाय." ते खुर्ची ओढून माझ्या अगदी समोर बसले. "माणूस बोलतो तेव्हा तुम्ही कुठं बघता? डोळ्यात. ती ओठांकडं बघते. सर वळले की तिचं तोंड उतरतं. सर हिकडं वळले की पुन्हा उजळतं. ही चाल फक्त लूमवाल्याची. मी वळखणार न्हाय तर कोण?"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. "म्हणजे, मी बघितलंय लोकांना," ते घाईघाईने म्हणाले. "माझे कान ठीक हायत."

मी म्हटलं, तपासून बघू. तपासणीही कासमभाईंनीच हाती घेतली. मधल्या सुट्टीत लावण्याला व्हरांड्यात पाठमोरी उभी केली, आपण दहा पावलं मागे गेले आणि त्यांच्या मते अगदी कुजबुजत म्हणाले, "लावण्या!"

छपरावरचे पारवे उडाले. पहिलीतलं एक मूल रडायला लागलं. लावण्या अर्थातच वळली.

"ऐकू येतं की हो," मी म्हणाले.

कासमभाई गोंधळले. मग बैठकीसाठी लवकर आलेले भोईरकाका पुढे सरसावले. "तुझा आवाज म्हंजे भोंगा हाय कासम, मना बोलू दे." ते बोलले. शेजारच्या कारखान्यातला एक माणूस खिडकीतून डोकावून 'काय झालं' म्हणून विचारू लागला. अख्ख्या कमिटीत हळू बोलता येणारा एक माणूस निघाला नाही. शेवटी काम माझ्याकडे आलं. मी पाचवीच्या वर्गात गेले, सगळ्या मुलांना फळ्याकडे तोंड करून बसवलं, मागे उभी राहिले आणि साध्या आवाजात म्हणाले, "चॉकलेट कुणाला हवंय?"

चाळीस डोकी गर्रकन वळली. एक वळलं नाही. दोन तेल लावलेल्या वेण्या, लाल रिबिनी, फळ्याकडे ताठ बघत बसलेल्या.

मी तीस वर्षं शिकवतेय. त्या दोन वेण्यांकडे बघताना मला माझ्या सहीची लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

पुढचं सगळं कमिटीने केलं. ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात नेणं, तपासण्या, कानाचं मशीन. प्रत्येक खेपेला कासमभाई बरोबर. या खेपांमध्ये त्यांनी लावण्याला लूमची सगळी हातभाषा शिकवली. तिने ती वर्गाला शिकवली. पंधरा दिवसांत अशी वेळ आली की पाटील सर भूगोल शिकवत असताना पोरं आपसात बीम संपल्याच्या खुणा करत होती, आणि मी वर्गावरून गेले की सगळे हात एकदम तोंडाशी जायचे. त्यांच्या भाषेत मी चहा होते.

मशीन आलं. आणि लावण्याने ते घालायला साफ नकार दिला. घातलं होतं एक दिवस. कुणीतरी तिला 'ए ब्लूटूथ' म्हणून हाक मारली. तिने मशीन काढून कंपासपेटीत ठेवलं, पेटी दप्तराच्या तळाशी गेली. मी चिडवणाऱ्यांना ऑफिसात बोलावून झापलं, पाटील सरांनी समजावलं, भोईरकाकांनी गावाहून ताडगोळे आणले. काही उपयोग नाही. शुक्रवारी तिची आई आली. या वेळी ती रागावलेली नव्हती, दमलेली होती. "इतना सब लोग किया. वो मशीन भी नहीं डालती. अब बस, मॅडम. सोमवार को आती मैं, दाखला तैयार रखना."

मी कासमभाईंना सांगितलं. लिहूनच दिलं, म्हणजे चूक नको. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. हा माणूस काही न बोलता जाऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

सोमवारी परिपाठाला सगळी शाळा पटांगणात उभी. लावण्याची आई फाटकाशी, कडेवर धाकटा. कासमभाई आले ते स्वच्छ पांढऱ्या सदऱ्यात, ईदला येतात तसे, आणि थेट मुलांसमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या उजव्या कानामागे मशीन होतं.

भोईरकाका माझ्या शेजारी पुटपुटले, म्हणजे ओरडले, "आरं देवा! घातलान की यानं!" त्यांच्याकडून तिथल्या तिथे मला इतिहास कळला. ते मशीन दोन वर्षांपासून कपाटात पडून होतं. त्यांच्या मुलग्यांनी आणलं, हात जोडले, भांडले, नातवाने शपथा घातल्या. कासमभाईंचं एकच, मी काय म्हातारा झालोय?

कासमभाईंनी छाती भरून श्वास घेतला. "बच्चे लोग!"

आणि ते दचकले. मागे वळून पाहिलं. पुन्हा मुलांकडे वळले. "कोण ओरडतंय?" ते ओरडले, आणि पुन्हा दचकून त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या तोंडावर ठेवले.

शाळा हसली. हसता हसता पोरं खाली बसली. कासमभाई डोळे विस्फारून उभे, स्वतःचा आवाज त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदा भेटत होता आणि ही भेट त्यांना अजिबात आवडलेली दिसत नव्हती. मग त्यांनी फार सांभाळून, काचेचं भांडं ठेवावं तसे शब्द ठेवत बोलायला सुरुवात केली. ओठ हलत होते. भाषण चांगलंच असावं, कारण ते मध्येमध्ये स्वतःवरच खूष होत होते. पण पुढच्या दोन रांगा सोडल्या तर कुणालाच काही कळत नव्हतं. शेवटी सातवीच्या रांगेतून ओरडा झाला, "चाचा, न्हाय पोचत!"

तेव्हा लावण्या हसली. तिला भाषण ओठांवरून पूर्ण कळलं होतं, त्या पटांगणात बहुधा तिलाच. ती हसत हसत रांगेतून बाहेर आली, दप्तर उघडलं, कंपासपेटी काढली आणि उभ्या उभ्या मशीन कानात घातलं. मग कासमभाईंकडे बघून तिने हाताने काहीतरी खूण केली. कासमभाईंनी तीच खूण तिला परत केली. फाटकाशी उभ्या आईने पदर तोंडाला लावला. दाखल्याचं त्या दिवशी तिने काढलं नाही, नंतरही नाही.

परिपाठ संपला, वर्ग भरले. कासमभाई ऑफिसबाहेरच्या बाकड्यावर बसून राहिले. मी चहा पाठवला, मग स्वतःच जाऊन शेजारी बसले. वर्गांतून पाढ्यांचा आवाज येत होता. ते मान किंचित कलती करून ऐकत होते, आणि रुमालाने पुन्हा पुन्हा चष्मा पुसत होते.

"काय कासमभाई, दोन वर्षं उगीच हट्ट केलात ना?" मी चिडवलं.

"हट्ट न्हाय बाई." आवाज इतका हलका की मलाच पुढे झुकावं लागलं. "हमिदा गेली, त्यानंतर पोरांनी हे मशीन आणलं. ती असताना घातलं असतं तर गोष्ट वेगळी. आता घालून काय ऐकू? घरात कोण बोलतंय माझ्याशी? पोरं लूमवर, सुना आपल्या कामात."

कासमभाईंच्या बायकोला, हमिदाभाभींना, मी ओळखत होते. बारीक चणीच्या, आणि फार हळू बोलणाऱ्या बाई.

"शेवटच्या आजारात ती रोज कायतरी सांगायची," कासमभाई म्हणाले. "पडल्या पडल्या, भिंतीकडं तोंड करून. मला एक अक्षर कळायचं न्हाय. मी आपला हो हो म्हणायचो. वाटायचं, परत विचारलं तर तिला समजंल की मी बहिरा झालोय. चाळीस वर्षं लपवलं ना. एक दिवस मी असाच हो म्हटलो आणि ती रडायला लागली. खूप रडली. तिनं काय विचारलं होतं, ते मला अजून म्हायती न्हाय, बाई."

या माणसाला गप्प कसं करावं याचाच विचार करण्यात माझी इतकी वर्षं गेली होती, आणि आता तो गप्प झाला होता तर मला ते सोसवत नव्हतं.

तेवढ्यात लावण्या वर्गातून आली. पाटील सरांनी खडू आणायला पाठवली होती. खडूचा डबा माझ्याकडून घेऊन ती निघाली, दोन पावलं गेली, आणि परत फिरून कासमभाईंसमोर उभी राहिली. खाली मान घालून, एका पायाने फरशी खरवडत, तिने काहीतरी विचारलं. अगदी बारीक आवाजात. मलाही कळलं नाही.

कासमभाईंची मान सवयीने होकारासाठी हलली. मग थांबली. ते बाकड्यावरून उतरले, गुडघ्यावर हात टेकून तिच्या उंचीइतके वाकले, आणि मशीनचा कान तिच्या तोंडाजवळ नेला.

"ऐकू न्हाय आलं, बेटा," ते म्हणाले. "परत सांग."